पाच थेंब

—नाही नाही, दार ठोठावू नका, कोणी उघडणार नाही. इथे बाकावर बसा माझ्याजवळ. आत माझी ताई आहे आणि मला तिनेच हाकललंय! म्हणे, मोठे साहेब प्रयोग बघायला येणारेत, तुझ्या खोड्या नकोत. खोड्या! अहो, आज मी आत नसले तर तिचं वाटोळं — कान इकडे करा. ती बारीक बारीक मऊ गोळे बनवते, डोळ्यांना न दिसणारे. गार पाण्यात फुगतात, गरम केलं की आक्रसतात — पाणी दुधासारखं पांढरं! गार केलं की पुन्हा होतं तसं. मजाय ना? पण गोळे हवेत चिमुकले, एका मापाचे. आणि ताईचे? भोपळे! साबण घातला की लहान होतात, हे सगळ्यांना ठाऊक — पण तो मागाहून धुता धुता जीव जातो, म्हणून ताईचा हट्ट, मी बिनसाबणाचे करणार, नुसतं ढवळून. वर्षभर भोपळे!

मग मी — हसू नका हं — भांडी घासायचा पातळ साबण टाकला तिच्या चंबूत. फेस उतू जाईल, ताई किंचाळेल, एवढंच! तर कसला फेस न् कसलं काय — यंत्राने माप काढलं, गोळे चिमुकले! आणि ताई रडायलाच लागली. आनंदाने हो! मला मिठी मारली. मला! एरवी 'कार्टे' सोडून हाक नाही! आता अशा वेळी सांगवतं का? मग पुन्हा टाकला, पुन्हा टाकला... एक थेंब — भोपळे, ताई जेवलीच नाही. तीन — बरे. पाच — झकास! आठ टाकले तर इतके बारीक, की म्हणाली, आज ढवळणी छान फिरली. ढवळणी! मेजाखाली सगळ्याच्या रेघा मारून ठेवल्यात मी. शाळेत कधी एवढं लिहिलं नाही.

तुम्ही सज्जन दिसता, एक करा ना — ही बाटली घ्या, काहीतरी निमित्त काढून आत जा, ताई पाठमोरी झाली की पाच थेंब. नाहीतर साहेबांपुढे भोपळे! काय? पाचाला दर वेळी तेच माप? तेच की! चार वेळा केलं. गोळे करताना गरम किती? सत्तर अंश, ताई ओरडतच असते, सत्तरच्या खाली जाऊ देऊ नकोस म्हणून — अहो, पण तुम्ही लिहून कशाला घेताय? आणि बाटली खिशात का घातलीत?

अगं ताई, तू का दार उघडलंस? ...कोण सर? हे? हेच ते मोठे साहेब?

नाही गं, मी कुठे काय बोलले! आम्ही आपलं हवापाण्याचं बोलत होतो. हो ना, सर? ...सर?