एका वचनाआड

सावंगीच्या दवाखान्यात शरयू आपल्या नंबरची वाट पाहत होती. मागच्या बाकावर एक म्हातारं जोडपं येऊन बसलं. तिने मान वळवली नाही. कान मात्र मागेच होते.

"बाई, तुमी कोनाच्या घरच्या?"

"तुमच्याच घरची जी. बायको हाये मी तुमची."

"असान. मले काई याद नाई."

"राहू द्या. सकाळी बस पकडाच्या घाईत आपलं बायबल वाचाचं राह्यलं. इथंच वाचू?"

"मले कुठं येते वाचता?"

"लग्न झालं तवापासून रोज वाचून राह्यलो आपन. एक वचन मी, एक तुमी. भांडन झालं त अबोला राहे, पन वाचन चुके नाई."

"मंग अबोल्यात कसं वाचत होतो?"

"एकमेकाकडे पाठ करून."

"वाचा मंग बाई. मी आयकतो."

पानं चाळल्याचा आवाज आला. बाईंनी एका स्तोत्राचं पहिलं वचन वाचलं आणि सवयीने थांबल्या. शरयूला वाटलं, आता दुसरंही बिचाऱ्या त्याच वाचतील.

दुसरं वचन म्हाताऱ्याच्या आवाजात आलं. सावकाश, पण एका शब्दालाही न अडखळता.

मग बाईंचा हुंदका तेवढा ऐकू आला.

"काऊन थांबली?" म्हातारा म्हणाला. "तिसरं तुयं हाये, एस्तेर."