इंजिनावरचं अस्तर

टाळ जरा खाली ठेवा, मंडळी. आज आख्यान पुराणातलं नाही, अगदी अलीकडचं आहे. सांगताना माझा आवाज चढला तर आत्ताच क्षमा मागून ठेवतो. प्रश्न एवढाच — देवाने माणसाला कातडी दिली, ती जवळच्याला पातळ आणि लांबच्याला जाड, अशी दिली का? चटका आपल्याला बसतो, परक्याला बसत नाही, असं आहे का? नाही म्हणताय. बरं, ऐका.

शिरीष घारपुरे नावाचे एक गृहस्थ. ट्रक बनवणाऱ्या कंपनीत परदेशी विक्रीचे प्रमुख. कंपनीचं नाव विचारू नका, उद्या मला नोटीस यायची! माणूस वाईट नव्हता हो. गुरुवारचा उपास करायचा, म्हाताऱ्या आईचं सगळं हाताने करायचा. कंपनीला आफ्रिकेत, टांझानियात, ट्रक विकायचे होते. पण तिथे दुसऱ्यांच्या गाड्या स्वस्त. मग आपली आणखी स्वस्त कशी करायची? मीटिंग बसली, एसी लावून. केबिनमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी इंजिनाचं झाकण असतं ना, त्यावर जाड अस्तर असतं. इंजिनाची धग माणसाला लागू नये म्हणून. शिरीष म्हणाला, "हे काढून टाकलं तर?"

"साहेब, केबिन फार तापेल," इंजिनीअर म्हणाला.

शिरीषने चहाचा घोट घेतला. "तिकडचे लोक उन्हातलेच. त्यांना सवय असते."

सवय असते! किती मऊ वाक्य, मंडळी. शिवी नाही, मारहाण नाही. फक्त समोरचा माणूस तेवढा माणूस राहत नाही. अस्तर निघालं. गाड्या बोटीत चढल्या. शिरीषचं कौतुक झालं, पेढे वाटले गेले.

पुढच्या वर्षी शिरीष तिकडे गेला — आतल्या एका गावात नव्या गाड्या द्यायचा समारंभ होता. वाटेत त्याची मोटार बंद पडली. डोक्यावर ऊन, आसपास झाड नाही. तेवढ्यात मागून सिमेंट घेऊन एक ट्रक आला. कुणाचा? ह्यांच्याच कंपनीचा! ड्रायव्हरचं नाव हामिसी. पूर्वी गुजराती व्यापाऱ्याकडे कामाला होता, त्यामुळे मोडकंतोडकं हिंदी यायचं. "या, बसा," म्हणाला. शिरीष ऐटीत चढला. आपलीच गाडी की!

थोडं अंतर गेलं आणि पायाला धग लागायला लागली. मग मांडीला. मग श्वास घेतला तरी छातीत गरम. घाट चढायला लागले, तसं ते झाकण तव्यासारखं झालं. हामिसीने पाण्यात भिजवलेलं गोणपाट झाकणावर टाकलं, ते बघता बघता सुकलं. शिरीषने पाहिलं — हामिसीची विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, आणि इंजिनाकडच्या पोटरीवर फोड. जुन्यावर नवे.

हामिसीने आपली पाण्याची बाटली पुढे केली. सहज विचारलं, "भाई, तुमच्या देशातही ही गाडी अशीच तापते?"

काय सांगायचं? खरं सांगायला तोंड होतं कुठे? शिरीष म्हणाला, "हो. अशीच."

हामिसीने गिअर बदलला. एक वळण गेलं, दुसरं गेलं. मग हळूच म्हणाला, "फार हाल होत असतील बिचाऱ्यांचे. नमाजात मी तिकडच्या ड्रायव्हरांसाठीही दुआ मागेन."

ऐकलंत? ज्याची पोटरी भाजली, तो आपल्या ड्रायव्हरांची कीव करतोय! आणि ज्याने भाजली, तो त्याचंच पाणी पितोय!

शिरीष परत आला तो वरिष्ठांच्या, दाभाडेसाहेबांच्या केबिनमध्येच शिरला. "अस्तर परत बसवायचं. पाठवलेल्या गाड्यांनाही."

"कुणी तक्रार केली?"

"नाही."

"मग? अरे, तुझंच वाक्य होतं ना ते?"

"माझंच होतं. म्हणूनच आलोय. नाहीतर ह्यापुढे ती गाडी मी विकणार नाही."

खूप ताणाताणी झाली. शेवटी नव्या गाड्यांना अस्तर आलं, जुन्यांनाही पाठवायचं ठरलं, आणि शिरीषची खुर्ची दुसऱ्याला मिळाली. हिशेब फिटला, असं वाटेल तुम्हाला. नाही फिटला.

अस्तरं घेऊन तो स्वतः गेला. हामिसीला गाठलं आणि सगळं सांगितलं. मीटिंग, चहा, ते वाक्य, गाडीतलं खोटं.

हामिसीने विचारलं, "तिकडच्या गाड्या तापत नाहीत?"

"नाही."

"आम्हाला भाजेल, हे माहीत होतं?"

"इंजिनीअरने सांगितलं होतं."

हामिसीने त्याच्या हातातलं अस्तर घेतलं. मेकॅनिकला दिलं. शिरीषने हात पुढे केला होता, तो तसाच राहिला. हामिसी पाठ फिरवून निघून गेला. आणि बरोबर केलं त्याने! चूक सुधारणं आपल्या हातात असतं. माफी देणं ज्याची पोटरी भाजली त्याच्या हातात. ती मागून मिळेलच, असा हक्क नसतो कुणाचा.

आता तुम्ही मनात म्हणताय, बुवा, आम्ही कुठे परदेशात ट्रक विकतो? खरं आहे. थंडीत भांडी घासायला येणाऱ्या मावशींना गार पाणी, आणि गिझर कुणासाठी? उरलेली कालची पोळी कुणाच्या ताटात जाते? आणि मघाशी मी आत येत होतो, तर गेटवर तुमचे वॉचमन उभे. वयस्कर माणूस. बसायला साधं स्टूल नाही. मी विचारलं, तर इथेच बसलेले एक सद्गृहस्थ हसून म्हणाले, "त्यांना सवय आहे, बुवा."

नाव घेत नाही मी त्यांचं. आरतीची वेळ झाली, हे दिसतंय मला. देव थांबेल. आधी इथली एक खुर्ची उचला आणि गेटवर नेऊन ठेवा. ते बसले की मला येऊन सांगा. मी इथेच उभा आहे.