आत कोण बसलंय, बघाल की नाय?

नाय, टोइंगवाले भाऊ, उचला हो गाडी, तुमचं कामच हाय ते, उचला! पण उचलायच्या आधी आत कोण बसलंय, बघाल की नाय? तुम्हाला सांगतो, आमच्या अष्टमी गावच्या हैबतरावांचं काय झालं ते ऐका. माणूस देवमाणूस, खोड एकच, भलताच चौकस! रस्त्यात कोणी खड्डा खणताना दिसला की हे थांबलेच... कशाला खणताय, किती खोल जाणार, आत काय लागलं? घरून मिठाला पाठवलं तर आधी गावभरच्या बातम्या येतात, मीठ मागाहून!

तर चतुर्थीच्या आदल्या दिवशी हे गेले पेणला, गणपती आणायला. कारखान्यात मूर्ती घेतली, सोंडेसकट तोंडावर रुमाल बांधला. तो रुमाल घरी पाटावर बसवल्याशिवाय सोडायचा नाय, रीतच हाय आमच्याकडे. मूर्ती मागच्या सीटवर ठेवली, दोन्हीकडून उशा लावल्या, गाडी लॉक केली... आता निघावं की नाय? नाय! आत कारागीर डोळ्यांची आखणी करत होता, ती बघायला परत आत! "काय ओ, हात कापत नाय का तुमचा? श्वास धरून ठेवता काय सोडता?" सगळं विचारून बाहेर येतात तर काय, गाडी गायब! बरं, गाडी जाऊ दे चुलीत, पण गाडीत बाप्पा ना! उद्या पूजा, पाट मांडलेला, मखर सजलेलं, बायको वाट बघत बसलेली... "बायजाला काय तोंड दाखवू मी?" म्हणून हैबतराव रडायचेच बाकी होते.

समोरचा पानवाला म्हणतो, "टोइंगवाले घेऊन गेले की." अरे, पण भोंगा नाय, पुकारा नाय! आत कोण बसलंय, बघाल की नाय?

रिक्षा करून धावत त्यांच्या आवारात गेले. गाडी होती, पण बंपर लोंबतोय, मागचं दार सुतळीनं बांधलेलं आणि सीट रिकामी! शिवा नावाचा टोइंगवाला तंबाखू मळत बसलेला.

"गाडी लॉक होती माझी, दार उघडलं कसं?"

"काचेतनं सळई घातली."

"आणि बंपर?"

"तो तसाच होता."

"आणि... आणि बाप्पा?"

शिवानं नुसती हनुवटी हलवली. बघतात तर पत्र्याखाली बाकड्यावर ओळीनं सात-आठ गणपती! अहो, त्या दिवशी पेणात गाडी लावणारा जो तो मूर्ती न्यायलाच आलेला ना! "धक्क्यानं फुटले असते तर आमच्याच नावानं शंख केला असता तुम्ही, म्हणून उतरवले," शिवा म्हणतो. वर उपकार! कुठल्या गाडीतला कुठला, विचारलं तर म्हणे, "ओळखा आणि न्या. गेटबाहेर गेलात की आमची जबाबदारी नाय."

ओळखणार कसं? सगळ्यांच्या तोंडावर तोच लाल रुमाल! एकेक जण आपापला उचलून गेला, राहिले दोन. दोघांची उंची सारखी, पितांबर सारखा. आणि माणसं दोन, हैबतराव आणि नागोठण्याच्या चंद्रावतीबाई. हैबतरावांनी जरा आवाज चढवला तर शिवा त्यांच्याच अंगावर, "मग नीट लावायची ना गाडी! रुमाल वर करा आन बघा, मला गेट लावायचंय!"

आता सांगा, जन्मभर जो माणूस दिसेल त्या खड्ड्यात डोकावला, त्याला आज कोणीतरी 'बघ' म्हणतोय आणि त्याचा हात पुढे जाईना! रुमाल सोडायचा, आणि बाप्पाला पहिलं दर्शन कुणाचं? तंबाखू मळणाऱ्या शिवाचं? छे छे! चंद्रावतीबाईंचंही तेच मत. अडीअडचणीला असू दे म्हणून दोघांनी फोन नंबर घेतले, एकेक मूर्ती उचलली, हैबतराव म्हणाले, "हाच आमचा, वजन ओळखीचं वाटतंय." आणि एका हातानं दार धरून भिसे खिंडीतनं घरी आले.

बायजाबाईंनी भाकरतुकडा ओवाळला, पायावर पाणी घातलं, बाप्पा पाटावर बसले, रुमाल सोडला... "अगो बाई! उजव्या सोंडेचा!" ह्यांच्या घरी पहिल्यापासून डाव्या सोंडेचा. उजव्याचं सगळं कडक! सोवळं कडक, नैवेद्य वेळेवर, चूक म्हणून चालत नाय. आत कोण बसलंय ते शेवटी बघितलं, तर हा!

"परत नेऊन बदलून आणतो," हैबतराव म्हणाले.

"उंबरा ओलांडून आलेला देव परत पाठवता? शिवू नका कशाला! आधी आंघोळ करा!"

झालं. दुसऱ्या दिवशी पाटाजवळ जायचं, आंघोळ. दाराला हात लागला, आंघोळ. शेजारचं मांजर घासून गेलं, पुन्हा आंघोळ! दुपारी ओल्या पंच्यानं कुडकुडत उभे, तेवढ्यात चंद्रावतीबाईंचा फोन.

"भाऊ, तुमचा डावा आमच्याकडे आलाय हो. अगदी मजेत हाय. आमचा उजवा कसा हाय?"

"तो पण मजेत हाय ओ बाई," हैबतराव म्हणाले, "तेवढा त्या शिवाला निरोप द्या. म्हणावं, क्रेन घेऊन ये आणि मला उचलून ने."