मावशीला मरायची मनाई

आमच्या कमलमावशीचं अख्खं आयुष्य मरण्यात गेलं बघा. नाटकात नायकाची आई, बोलपटातही आईच, आणि दोन्हीकडे सुरुवातीलाच खोकून खलास. देगलूरच्या खेळाआधी पोलिसांचे कलाप्रेमी अमीनसाहेब, म्हणजे तिथले फौजदार, आले.

"नाटकात बाई मेली की आमच्या बेगम जेवत नाहीत. आज मरायचं नै. मेली तर खेळ बंद!"

विंगेत नाटकाचं पुस्तक धरून मी मावशीच्या मरणाचं पान दुमडलं. मावशी म्हणाली, "हाव साहेब."

मग काय, मावशी जगली. मुलाच्या लग्नात बोलली, सुनेला बोलली, नवराबायकोच्या एकांतातही खाटेवरून बोलत राहिली.

"मावशी, पुस्तकात हे नाही!" मी कुजबुजले.

"पुस्तकात मी मेलेली हाय."

तिसऱ्या अंकात अमीनसाहेबच उठून ओरडले, "बाई, इजाजत आहे, मरा आता!"

मावशी खाटेवर उठून बसली. "लेखी आणा साहेब. तवर मी हाय."