रिकामा फेरा

मी मूळची भडगावकडची, गिरणेच्या काठची. तिकडं केळीच्या बागा, आन् केळी म्हटली का कोणाच्या तरी डोक्यावरूनच गाडीपर्यंत जायची, तर आमच्या घरात आधी माय वाहायची, मंग अक्का, म्हणजे माझी मोठी बहीण, आन् लगन होईपर्यंत मीबी. भरलेलं कॅरेट घेऊन गाडीकडं जायचं आन् येताना रिकाम्या कॅरेटांची थप्पी डोक्यावर घेऊन बागेत यायचं. जाड प्लास्टिकची कॅरेटं ती, रिकामी झाली म्हणून काय हलकी व्हतात? अक्का म्हणे, देवानं सगळ्यांले येताना रिकामा फेरा दिला, आपल्यालेच नही दिला. डोक्यावर थप्पी असली का तिची मान वळायची नही, मागून हाक मारली तर बैलगाडीसारखी अख्खी फिरायची, आन् आम्ही पोरी हसायचो. हसण्यासारखं काय व्हतं त्यात, सांगा.

लगन झालं, जळगावले आली, एमआयडीसीत प्लास्टिकच्या कारखान्यात लागली. माझं काम कापायचं. मशीनमधून माल निघतो ना, त्यातला एखादा नग घ्यायचा, करवतीनं कोपरा कापायचा, आत काय झालं ते पाहायचं आन् तुकड्यावर वेळ टाकून खिळ्याले टांगायचा. घरी नवरा म्हणे, दिवसभर करवत चालवतेस, माझ्याशी जरा जपून बोलत जा.

मंग शेठनी हलकी कॅरेटं काढायचं ठरवलं, तवा धुळ्याहून वर्षा म्याडम आल्या. वय माझ्या पोरीएवढं, मले मावशी म्हणत. मशीन त्याच लावायच्या. त्यांनी मले समजावलं का प्लास्टिकच्या दाण्यात गॅस सोडणारी पूड मिसळायची, गरम पातळ प्लास्टिक साच्यात दाबून भरायचं, जिथं ते थंड साच्याले लागतं तिथं लगेच थिजून साल धरते, आन् मधात गॅस फुगून जाळी पडते. जाळीत हवा, म्हणून वजन कमी. म्हटलं, म्याडम, ही तर आपली बट्टी झाली, वरून कडक, आतून जाळीदार. त्या म्हणे, बरोबर मावशी, आन् बट्टी बिघडली का वरणबी फुकट जातं. मले त्याच घडीले अक्का आठवली, ती अजूनबी तिकडं थप्पी वाहते हे म्याडमले सांगितलंबी. म्हटलं, हे कॅरेट जमलंच पाहिजे.

पण काय सांगू तुम्हाले, पहिला माल गेला आन् थोड्याच दिवसात माघारी आला. कोपरे तडकलेले, काहींचे तळ फुगलेले. शेठ म्हणे, आता पुन्हा एक गाडी परत आली तर हे थेर बंद, आपली जुनी जाड कॅरेटंच बरी. मशीनवाले म्हणे पूड खराब शे. म्याडमनी खिळ्यावरचे माझे तुकडे काढले, खाली फरशीवर मांडी घालून बसल्या, सकाळचे तुकडे एकीकडं, दुपारचे दुसरीकडं. सकाळच्यात जाळी बारीक, साल भक्कम. दुपारच्यात भोकं मोठाली आन् साल कागदावाणी. मी ते तुकडे रोज पाहत व्हती हो, पण असे शेजारी मांडायचं मले कधी सुचलं नही. त्या उठल्या आन् साच्यात पाणी नेणाऱ्या पाइपले हात लावला. वैशाखातलं जळगाव, टाकी पत्र्यावर, पाणी आंघोळीचं झालेलं. साचाच थंड होईना तर साल कुठून धरेल? आन् आतला गॅस, नग बाहेर काढल्यावरबी फुगतच राहायचा.

टाकी सावलीत आली, पाणी थंड करायचं यंत्र लागलं. दुसरं कोणी असतं तर तिथंच थांबलं असतं. त्यांनी साचा भरायचा वेग वाढवला, म्हणजे जाळी बारीक आन् सारखी पडते. मंग नग साच्यात जास्त वेळ धरला, का तळ फुगू नये. एका टायमाले एकच गोष्ट बदलायची, मले म्हणायचं कापा मावशी, तुकडा उजेडात धरायचा, आन् पुन्हा मशीनकडं. शेठ म्हणे, इतला वेळ साच्यात ठेवलं तर माल कमी निघेल. त्या म्हणे, कमी निघेल, पण परत येणार नाही.

शेवटी कोपऱ्यावर माणूस उभा राह्यला तरी तडकेना. सगळे खूश. म्याडम मले म्हणे, मावशी, चुंबळ करून द्या. म्हटलं, कशाले? तर त्यांनी थप्पी स्वतःच्या डोक्यावर घेतली आन् कारखान्याच्या अंगणात उन्हात फेऱ्या मारायले लागल्या. मशीनवाले हसू दाबत व्हते. थप्पी उतरवली, मान चोळली, आन् विचारलं, तुमची अक्का रोज असं करते? म्हटलं, दिवसभर. त्या म्हणे, मग अजून जड आहे. आन् परत मशीनवर. प्लास्टिक थोडं कमी भरायचं, कापायचं, पाहायचं, साल टिकली का आणखी थोडं कमी. माझे हात भरून आले कापून कापून, पण ती पोरगी हटली नही. असं माणूस मी तरी दुसरं पाह्यलं नही.

यंदा माहेरी गेली तर बागेत तीच कॅरेटं. केळीचं वजन केळीचंच राहील, ते काही म्याडमच्या हातात नही. पण अक्का गाडीकडून थप्पी घेऊन बागेकडं निघाली व्हती, पाठमोरी, आन् मी जुन्या सवयीनं मागून हाक मारली, अक्का वं. ती अख्खी फिरली नही. पाय चालत्या वाटेवरच, डोक्यावर थप्पी तशीच, नुसती मान वळवून पाह्यलं आन् कधी आली म्हणून विचारलं, कवय उनी वं तू? धुळ्याच्या त्या पोरीले देव उदंड आयुष्य देवो.