बंबाची सवय

बहरीनमध्ये घर तापवायला बॉयलर कशाला, असं म्हणाल तुम्ही. पण नव्वदच्या दशकात बुदैयाच्या एका व्हिलात गोऱ्या मॅडमने तो बसवून घेतला होता, आणि देखभाल माझ्याकडे होती. एका आठवड्यात तिचा तीनदा फोन आला. "प्रेशर पुन्हा चढलं. फुटेल एक दिवस." मी जायचो, थोडं पाणी बाहेर सोडून प्रेशरचा काटा खाली आणायचो. तिसऱ्यांदा वैतागून तिथेच बसून राहिलो.

तिचा स्वयंपाकी शौकत, आपल्या श्रीवर्धनचा, आंघोळ करून आला आणि त्याने सरळ बॉयलरमध्ये पाणी भरायचा नळ उघडला.

"अरे, काय करतोस?"

"चाचा, गरम पाणी घेतलं, तर तेवढं थंड नको भरायला? घरी बंबात नाही ओतलं तर आई जेवायला वाढत नाही."

तेवढ्यात मॅडम दारात आली. "कोणाची चूक आहे?" शौकतचा चेहरा उतरला. त्याचा व्हिसा तिच्याच हातात होता.

मी म्हटलं, "ह्याच्या आईची. वळण फार चांगलं लावलंय." आणि सगळं सांगितलं: आंघोळीचं पाणी वेगळ्या नळीतून येतं, बॉयलरमधलं कमी होतच नाही; वरून भरलं की प्रेशर चढतं.

मॅडमने तो नळ स्वतः बंद केला. मग म्हणाली, "शौकत, ह्याला पुन्हा हात लावू नकोस. पण हेच वळण माझ्या मुलांना लाव. फ्रिजमधली बाटली संपवतात सगळे, भरून कोणी ठेवत नाही."