जिवंतांचा रकाना

(उत्तर रोमानियातलं एक खेडं. जूनमधली सकाळ. झाम्फिरा आणि तिची थोरली नणंद आग्लाया पडवीत बसून मुरांब्याच्या चेरींमधल्या बिया केसांच्या आकड्याने काढतायत.)

आग्लाया : ...आणि शेवटी काय, तर तामी! तामीच्या आरोग्यासाठी प्रार्थना! अख्खं चर्च हातात मेणबत्त्या धरून उभं, आणि आमच्या घराण्याच्या नावाने देवापुढे कोण, तर तामी!

झाम्फिरा : तामी म्हणजे पोट, वन्सं. इंग्रजीत.

आग्लाया : मग झालंच की! पोटाला आयुष्य मिळालं. माझ्या भावाला काय मिळालं?

झाम्फिरा : मी मुद्दाम नाही केलं.

आग्लाया : मुद्दाम केलं असतंस तर निदान डोकं आहे असं म्हटलं असतं. पितरांचा शनिवार होता तो, बाई! सगळ्यांची माणसं तिकडे फाटकाशी कान देऊन उभी असतात, आपलं नाव कधी घेतात म्हणून. त्या रुक्सांद्राची सासू, जिला जिवंतपणी कुणी पाणी विचारलं नाही, तिचंसुद्धा नाव खणखणीत घेतलं. आणि माझा तोआदेर, एकोणचाळीस वर्षं तुझा नवरा, तो तिथे टोपी हातात धरून उभा. त्याला खालून काय ऐकू आलं? डोकं. कान. नाक.

झाम्फिरा : हसले असतील.

आग्लाया : तो कधी हसायचा?

झाम्फिरा : तुमच्यासमोर नाही हसायचे.

आग्लाया : बी राहिली बघ त्या चेरीत. लक्ष कुठंय तुझं? लक्ष असतं तर एका कागदाच्या जागी दुसरा दिला असतास का?

झाम्फिरा : दोन्ही एप्रनच्या खिशात होते. एक यांच्या नावाचा, एक माझ्या शब्दांचा. दोन्ही सारखे दिसतात.

आग्लाया : का दिसतात?

झाम्फिरा : मला एकाच तऱ्हेचा कागद लिहिता येतो म्हणून. साठाव्या वर्षी अक्षरं शिकले, ती चर्चला नावं लिहून द्यायला. वर क्रूस, मध्ये रेघ, डावीकडे जिवंत माणसं, उजवीकडे गेलेली. तसंच हेही लिहिलं. इंग्रजी डावीकडे, आपल्या भाषेतले अर्थ उजवीकडे.

आग्लाया : म्हणजे इंग्रजी सगळी जिवंत, आणि आपली सगळी मेलेली! वा! काय चुकीचं लिहिलंस म्हणा. शाळेत किती पोरं उरली? अकरा. बाकीची कुठे? तुझ्या डाव्या रकान्यात.

झाम्फिरा : हळू बोला. मास्तर येतायत.

आग्लाया : येऊ देत. मीच निरोप धाडला होता. या, या, गेरासिम मास्तर! आज कुणाच्या ढोपरासाठी प्रार्थना करणार?

गेरासिम : मी ऐकून घ्यायला आलेलो नाही, आग्लाया. तीस वर्षं मी त्या चर्चमध्ये नावं वाचतोय. राजाचंही वाचलं असतं आणि गुराख्याचंही, त्याच स्वरात. आणि परवा पाद्रीबाबांनी मला आत बोलावून काय विचारावं? 'गेरासिम, सकाळी किती घेतली होतीस?'

आग्लाया : किती घेतली होती?

गेरासिम : थेंबही नाही!

आग्लाया : मग तर आणखीच वाईट. शुद्धीत वाचलंत.

झाम्फिरा : बसा ना, मास्तर. चेरी घ्या. चूक माझी आहे.

गेरासिम : तुझीच आहे. अक्षरं मी शिकवली, त्याची ही फेड! आणि मी थांबणार तरी कसा? वर क्रूस होता. क्रूस असलेल्या कागदावर मी शंका घेत नाही. नावं म्हणाल तर गेल्या महिन्यात केविन, जेसिका आणि रायडर यांच्या आरोग्यासाठी मीच गायलो. निम्मं गाव परदेशात. कुणाची सून कोण आणि तिचं नाव काय, मी कुणाकुणाला विचारू? समोर आलं ते वाचलं. पलीकडचा रकाना लागला तेव्हा कळलं. 'या मृतात्म्यांना शांती दे : डोकं, कान, नाक...' तिथे थांबलो.

आग्लाया : तीन अवयव दगावल्यावर!

गेरासिम : तोआदेरचं नाव येत्या रविवारी एकट्याचं घेणार आहोत. पाद्रीबाबांनी कबूल केलंय. तीनदा घेऊ. झालं समाधान?

आग्लाया : नीट उच्चारून घ्या म्हणजे झालं. नाहीतर त्याच्या जागी कोपर यायचं.

झाम्फिरा : मास्तर, तो कागद तुमच्याकडे आहे ना?

गेरासिम : कोणता?

झाम्फिरा : माझा. शब्दांचा.

गेरासिम : सगळ्या चिठ्ठ्या प्रार्थनेनंतर जातात तिथेच गेला. शेगडीत.

झाम्फिरा : जाळलात?

गेरासिम : मग काय चौकट करून भिंतीला लावू?

झाम्फिरा : मला वाटलं, लोक एवढे हसले, तर तुम्ही बाजूला ठेवला असेल. दाखवायला.

आग्लाया : बरं झालं जळला ते. त्र्याहत्तराव्या वर्षी बाई इंग्रजी शिकणार! उद्या टोपी घालून चहा पिशील.

झाम्फिरा : गुरुवारी मेगन येतेय.

गेरासिम : मेगन म्हणजे तुझ्या इंग्लंडातल्या लेकीची, ओतिलियाची पोरगी? तुझी नात?

झाम्फिरा : हो. सात वर्षांची झाली. ओतिलिया शहरातल्या हॉटेलात उतरणार आहे. एक दुपार पोरीला इकडे आणणार. पोरगी रमली तर आठ दिवस माझ्याकडे ठेवणार. नाही रमली तर संध्याकाळच्या बसने परत. आणि मग पुन्हा कधी आणायची नाही, असं तिने आधीच सांगून टाकलंय.

गेरासिम : सख्ख्या आजीकडे? असं का?

झाम्फिरा : वन्संना विचारा.

आग्लाया : मला काय विचारायचंय त्यात?

झाम्फिरा : मागच्या वेळी चार वर्षांची होती. ओतिलिया कागदपत्रांसाठी दोन दिवस शहरात गेली, पोर माझ्यापाशी. ती कानावर हात दाबून एकच इंग्रजी शब्द म्हणत होती. जेवताना तेच, खेळताना तेच. मी दूध दिलं. बाहुली दिली. कोंबडीची पिल्लं हातात दिली. तुम्ही इथेच बसला होतात, वन्सं. म्हणालात, लाडावलेली आहे, तिच्याकडे बघू नकोस, उन्हात बसव, गप्प होईल. गप्प झालीही. उशीवर रक्त दिसलं तेव्हा मला कळलं. कानाचा पडदा फाटला होता.

आग्लाया : इंग्रजीत कान कसा दुखतो, हे मला काय माहीत?

झाम्फिरा : मलाही नव्हतं माहीत. म्हणून तो कागद.

गेरासिम : अगं, मग शाळेतून पुस्तक मागून आण. शब्द इकडे, अर्थ तिकडे, सगळं छापलेलं असतं.

झाम्फिरा : आणलं होतं. नववीतल्या पोरीचं. पर्यावरण होतं, लोकशाही होती, अर्थव्यवस्था होती. 'पोटात दुखतंय' कुठेच नव्हतं.

आग्लाया : कसं असेल? पुस्तकं लिहिणाऱ्यांना पोट कुठे असतं!

गेरासिम : तिच्या आईलाच फोन करून विचार.

झाम्फिरा : ओतिलियाला मी सांगितलंय, मला आता इंग्रजी येतं म्हणून. सगळं येतं म्हणून. त्याशिवाय ती आणतच नव्हती पोरीला.

आग्लाया : खोटारडी.

झाम्फिरा : हो.

गेरासिम : शब्द लिहून कुणी दिले होते?

झाम्फिरा : लिहून नाही दिले, तोंडी सांगितले. कॅसियानाने. गिरणीपलीकडची. ती तिकडे इंग्लंडात, इस्पितळात लहान मुलांच्या खोल्या पुसते, आठ वर्षं झाली. म्हणाली, पुस्तकातलं मला विचारू नका मावशी, पण पोरं रडताना काय काय म्हणतात ते मला पाठ आहे. दोन दिवस बसलो आम्ही. ती बोलायची, मी कानाला येईल तसं आपल्या अक्षरांत लिहायची. पस्तीस शब्द. शुक्रवारी ती परत गेली. तिकडचा नंबर अजून आलेला नाही.

गेरासिम : मग तुझ्या काहीच लक्षात नाही?

झाम्फिरा : अर्थ आहेत, ओळीने. ते आपलेच शब्द, ते कुठे जातात? डोक्यापासून पायापर्यंत खाली उतरत गेलो आम्ही, मग भूक, मग तहान. पण त्यांच्यासमोरचं इंग्रजी कागदावर होतं. तामी आणि आणखी चार-दोन, बस्स. माझं डोकं आता रांजणासारखं नाही, चाळणीसारखं आहे.

आग्लाया : आता! जणू पूर्वी रांजण होतं.

गेरासिम : मला क्षमा कर, झाम्फिरा. ती शेगडी... रोजचीच सवय.

झाम्फिरा : तुमचा काय दोष, मास्तर.

आग्लाया : हेद.

झाम्फिरा : काय म्हणालात, वन्सं?

आग्लाया : हेद. सगळ्यात वर तेच होतं. मास्तरांनी मान ताठ करून वाचलं, जणू कुणी सेनापती आहे. त्याच्या खाली इर. माझ्याकडे काय बघताय दोघं? पन्नास वर्षं चर्चमध्ये गातेय मी. एकदा ऐकलेलं विसरत नाही. आणि ऐकताना अपमान झाला असेल तर मुळीच विसरत नाही. ऊठ, हात धू, कागद आण.

झाम्फिरा : वन्सं...

आग्लाया : रडायचं असेल तर चेरींपासून लांब बस. मुरांबा खारट होईल. हेद.

झाम्फिरा : आणला, आणला. डोकं.

आग्लाया : इर.

झाम्फिरा : कान.

आग्लाया : नोझ, माउत, तुत, त्रोट.

झाम्फिरा : सावकाश सांगा. नाक. तोंड. दात. घसा.

गेरासिम : मी त्रोट म्हटलं नव्हतं. मी त्याहून बरं म्हटलं होतं.

आग्लाया : त्रोटच म्हटलंत. वर घसाही खाकरलात. पुढे तामी. त्याच्यानंतर मास्तर अडखळले.

गेरासिम : बिली बतन. नाव आणि आडनाव वाटलं मला. म्हटलं, शिकलेल्या घरातला दिसतो.

झाम्फिरा : बेंबी.

आग्लाया : बेंबीला आडनाव! पाहिलंत? तिथूनच मागच्या रांगेत खिदळायला लागले. ती इंग्लंडहून सुट्टीवर आलेली पोरं. कळलं होतं मेल्यांना, पण एकाने उठून सांगितलं का? उगाच नवे बूट घालून येतात. पुढे लिही. नी.

झाम्फिरा : गुडघा.

आग्लाया : फुत. मग हर्त. ते पुष्कळदा आलं. हर्त, हर्त... गावात एवढे हर्त कुठून आले, असं वाटलं मला.

झाम्फिरा : पाय. आणि हर्त म्हणजे दुखतंय. प्रत्येक अवयवासाठी वेगळं लिहिलं होतं मी. चुकायला नको म्हणून.

आग्लाया : मग आता एकदाच लिही. कागद काय फुकट येतो? पुढे हांग्री, तर्स्ती, कोल्द, वेत.

झाम्फिरा : भूक लागली. तहान लागली. थंडी वाजते. ओलं झालं.

गेरासिम : मग एक लांबलचक होतं. एका दमात वाचलं मी. आय वाँत मामी.

झाम्फिरा : आई हवी.

आग्लाया : हे कशाला लिहून घेतलंस?

झाम्फिरा : ती म्हणाली तर मला कळायला हवं.

आग्लाया : आणि कळल्यावर काय करशील?

झाम्फिरा : बसमध्ये बसवून तिला आईकडे पोचवीन. आणि एकटी परत येईन.

गेरासिम : त्याच्या खाली सिक. मग स्लीपी. मग ब्लांकित.

झाम्फिरा : उलटी होतेय. झोप आली. पांघरूण. लिहिलं. तुम्हालाही बरंच आठवतंय, मास्तर.

गेरासिम : फजितीचा वाटा मलाही होताच की.

आग्लाया : स्पून, ब्रेद, मिल्क. ही खाण्याची असणार. यांच्यासाठी कॅसियाना कशाला हवी होती? भाकरी हातात धरून दाखवली की पोर ओळखते.

झाम्फिरा : भाकरी दाखवता येते, वन्सं. दुखणं दाखवता येत नाही.

आग्लाया : बरं, बरं, शहाणी झालीस. पुढचे घे. दार्क, दोग, बी.

झाम्फिरा : अंधार. कुत्रा. मधमाशी. झाले किती?

गेरासिम : दुखणी एकत्र केलीस. तेवढी धरली तर चौतीस. मी मोजतोय.

झाम्फिरा : एक उरला. सगळ्यात शेवटचा.

आग्लाया : तो मला ऐकू आला नाही. तोवर सगळं चर्च हसत होतं. मास्तर?

गेरासिम : मला नाही आठवत. पाद्रीबाबा खोकायला लागले होते, माझं अर्धं लक्ष तिकडे. अर्थ काय होता त्याचा?

झाम्फिरा : 'घाबरू नकोस.' बाकीचे चौतीस तिने म्हणायचे. तो एवढा एक मी म्हणायचा होता.

गेरासिम : अरेरे.

आग्लाया : अरेरे काय, मास्तर! आलात तसे कामाला लागा. तो आकडा घ्या आणि बिया काढा. झाम्फिरा, तू तिथे अर्थ लिही आणि समोरची जागा मोकळी ठेव.

झाम्फिरा : आणि खरंच घाबरली तर काय म्हणू मी तिला?

आग्लाया : काही म्हणू नकोस. मी समोर बसलेली असेन. मला बघून ती आणखी घाबरेल, आणि तुझ्याकडेच पळत येईल.